मेंदूत एकाहून अधिक ठिकाणी गाठी असतील तर उपचार कसे ठरवावेत

एमआरआयमध्ये दोन-तीन ठिकाणी गाठी दिसल्या की घरचे लगेच ऑपरेशनची तारीख विचारतात. पण त्याआधी या गाठी कशाच्या आहेत, हे पक्के करून घ्यावे. ग्लिओब्लास्टोमा (मेंदूतच सुरू होणारा, वेगाने वाढणारा कर्करोग), दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग, लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग), क्षयाच्या गाठी किंवा पू, यांपैकी काहीही असू शकते आणि प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. लिम्फोमाची शंका असेल व रुग्णाची प्रकृती तेवढी स्थिर असेल, तर बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) होईपर्यंत सूज उतरवणारे स्टेरॉइड थांबवता येईल का, हे न्यूरोसर्जनना आवर्जून विचारावे, कारण स्टेरॉइडमुळे लिम्फोमा तात्पुरता आकसतो आणि निदान हुकू शकते.

ग्लिओब्लास्टोमा ठरल्यास सर्व गाठी काढणे बहुधा शक्य नसते; दाब निर्माण करणारी, सुरक्षितपणे हाती लागणारी मोठी गाठ काढतात किंवा केवळ बायोप्सी घेतात. त्या नमुन्यावर आयडीएच आणि एमजीएमटी या जनुकांच्या तपासण्या झाल्याच पाहिजेत. एमजीएमटी मिथायलेटेड (रासायनिक बदलामुळे निष्क्रिय) असेल तर टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाचा उपयोग अधिक होण्याची शक्यता असते.

ग्लिओब्लास्टोमासाठी 2005 पासूनची रूढ पद्धत म्हणजे 30 बैठकांत मिळून 60 ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) रेडिएशन आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड. वयस्कर वा अशक्त रुग्णाला 15 बैठकांत 40 ग्रे देता येते. गाठी दूरदूर असतील तर मेंदूचा मोठा भाग किरणांखाली येतो, म्हणून किती भागाला किरण द्यायचे आणि त्याचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होईल, हे नियोजनाच्या वेळीच स्पष्ट विचारावे.

घरी टेमोझोलोमाइडची कॅप्सूल रिकाम्या पोटी, न फोडता, अख्खी गिळायला द्यावी. उलटीचे औषध आधी द्यावे आणि रक्ततपासणी चुकवू नये. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शक्यतो सकाळी द्यावे, नाहीतर झोप उडते. साखर तपासत राहावे आणि हे स्टेरॉइड स्वतःहून एकदम कधीही बंद करू नये.

रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत एमआरआयवर गाठ वाढल्यासारखी दिसली तरी ती उपचाराची सूज असू शकते, त्यामुळे एकाच स्कॅनवरून उपचार बदलण्याची घाई करू नये. ग्लिओब्लास्टोमा आज बहुतेकदा पूर्ण बरा होत नाही. म्हणून पॅलिएटिव्ह केअरच्या (त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) डॉक्टरांना सुरुवातीपासून सोबत घ्यावे आणि रुग्णाला बोलता येते आहे, समजते आहे, तोवरच पुढील उपचारांबद्दल त्याची इच्छा विचारून लिहून ठेवावी.