मेगा ड्राइव्हचा अप्रकाशित ग्राफिक्स डेमो : चिपपासून पडद्यापर्यंत

सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या व्हिडिओ गेम कन्सोलसाठी तयार झालेले, पण विक्रीला कधीच न आलेले ग्राफिक्स डेमो बहुधा काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिपवर (अतिनील किरणांनी पुसता येणाऱ्या मेमरी चिपवर) सापडतात. बडोद्यात जुन्या सामानातून असा बोर्ड हाती लागला, तर तो लगेच कन्सोलमध्ये खोचून पाहण्याचा मोह आवरावा आणि आधी चिपमधला मजकूर उतरवून घ्यावा.

खिडकीवरचे लेबल कितीही मळके असले तरी काढू नये, कारण उघड्या खिडकीवर थेट ऊन पडत राहिले तर साधारण आठवडाभरात चिप कोरी होऊ शकते. आपल्याकडचे वैशाखातले ऊन तर सांगायलाच नको. लेबलवरच्या हस्ताक्षराचा आधी फोटो घ्यावा. पावसाळी दमटपणाने काळवंडलेले चिपचे धातूचे पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. चिप सॉकेटमध्ये नसून डाग दिलेल्या असतील, तर दांडिया बाजारातल्या एखाद्या मुरलेल्या कारागिराकडून त्या सोडवून घेणे बरे.

यूएसबी ईप्रॉम प्रोग्रामरवर (संगणकाला जोडून चिप वाचणाऱ्या उपकरणावर) चिपचा क्रमांक स्वतः निवडावा आणि ‘चिप आयडी तपासा’ हा पर्याय बंद ठेवावा, कारण त्या तपासणीत एका पायावर सुमारे १२ व्होल्ट दिले जातात आणि क्रमांक चुकला असेल तर ते महागात पडते. प्रत्येक चिप तीनदा वाचावी. तिन्ही फाइली अक्षरशः सारख्या आल्या तरच वाचन खरे मानावे.

मेगा ड्राइव्हचा ६८००० हा प्रोसेसर एका वेळी १६ बिट वाचतो आणि चिप ८ बिटांची असते, म्हणून सम बाइट एका चिपवर आणि विषम दुसरीवर असतात. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट एकेक करून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) १२८व्या स्थानावर पाहिले की एका फाइलमध्ये रोमन ‘एस जी’ आणि दुसरीत ‘ई ए’ दिसते. पहिलीपासून सुरुवात करून एकेक बाइट आळीपाळीने गुंफला की २५६व्या स्थानावर ‘सेगा’ उमटते. ‘ई एस ए जी’ आले तर क्रम उलटा झाला आहे. चेकसम (मजकूर ताडून पाहण्यासाठी त्यात नोंदवलेली बेरीज) चुकीचा निघाला तरी दुरुस्त करू नये, अपुऱ्या कामात तो तसाच असतो.

डेमो आधी एम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रोग्रामवर, आणि मग फाइल भरता येणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजवरून कन्सोलवर चालवावा. परवान्याची ओळ दिसून पडदा काळा पडला, तर चिपला दोष देऊ नये. नंतरच्या मेगा ड्राइव्हमध्ये प्रोग्रामने ठरावीक पत्त्यावर ‘सेगा’ लिहिले नाही की ग्राफिक्स चिप अडते, आणि त्याआधीच्या डेमोला हा नियम ठाऊकच नसतो. अशा वेळी सुरुवातीचे मॉडेल वापरावे.

खरी मेख वेगात आहे. आपल्याकडची पाल या टीव्ही-पद्धतीची यंत्रे ५० हर्ट्झवर चालतात, त्यामुळे जपान-अमेरिकेसाठी ६० हर्ट्झ धरून रचलेला डेमो सुमारे एक षष्ठांश मंदावतो. उलट प्रकार अधिक त्रासाचा : पालच्या ३१३ ओळींपैकी २२४ चित्राच्या धरल्या तर ८९ मोकळ्या राहतात, तर ६० हर्ट्झच्या २६२ ओळींत केवळ ३८. या मोकळ्या ओळींतच व्हिडिओ मेमरीत भराभर माहिती भरता येते, म्हणून युरोपात रचलेला फिरत्या चित्रांचा डेमो ६० हर्ट्झवर फाटतो किंवा लुकलुकतो. दोन्ही वारंवारतांवर चित्रण करावे आणि कोणते कशावरचे, ते फाइलच्या नावातच लिहावे.