टाकीतलं पाणी बदलताना मासे का मरतात?

बहुतेक वेळा कारण एकच असतं: सगळं पाणी एकदम बदललं आणि टाकी घासूनपुसून लख्ख केली. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर राहतात. घासाघाशीत ते निघून गेले की अमोनिया साचून मासे मरतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही या जिवाणूंना मारतं, माशांचे कल्लेही जाळतं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत साधारण ५० लिटर पाणी मावतं. त्यातलं आठवड्याला १०-१२ लिटर बदललं की पुरे. नवं पाणी आदल्या दिवशीच उघड्या बादलीत भरून ठेवा. २४ तासांत क्लोरीन बरंचसं उडून जातं. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते असं उडत नाही. तिथे अँटिक्लोरिन (क्लोरीन निकामी करणारं औषध) बाटलीवरच्या प्रमाणातच घाला. नुसतं आरओचं पाणी नको, त्यात क्षारच उरत नाहीत.

आधी हीटर आणि फिल्टरचं बटण बंद. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की काच तडकते. मग सायफनची नळी खड्यांत खुपसून तळातला गाळ ओढून घ्या. नळी तोंडाने ओढू नका, पाण्याने भरून घेतली की प्रवाह आपोआप सुरू होतो. स्पंज फार तुंबला असेल तर याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळा, नळाखाली कधीच नाही.

नवं पाणी ओतताना तापमानातला फरक एक-दोन अंशांहून जास्त नको. थंडीत हे हमखास चुकतं. तळाशी बशी ठेवून तिच्यावर बारीक धार सोडा, म्हणजे खडे उसळत नाहीत. हीटर बुडाल्यावर १५ मिनिटांनी चालू करा.