हूप कमरेवर टिकत नसेल, तर या चुका टाळा

हूप म्हणजे कमरेभोवती फिरवायचे प्लॅस्टिकचे मोठे कडे. दोन गिरक्यांत तो पायाशी पडला की बहुतेक जण आपल्या कमरेला दोष देतात. दोष मात्र बहुधा हूपच्या आकाराचा असतो. जत्रेतून मुलांसाठी आणलेला छोटा, हलका हूप भराभर फिरतो आणि त्या गतीला साथ देणे नवशिक्या प्रौढाला साधत नाही. उभा धरलेला हूप बेंबी आणि छाती यांच्या दरम्यान यावा, म्हणजे व्यास साधारण 1 मीटर असावा. आमच्याकडे पोफळीच्या बागेला पाणी देण्यासाठी जी काळी नळी वापरतात, तिचा 10 फूट 4 इंचांचा तुकडा घेऊन दोन्ही टोके गरम पाण्यात नरम केली आणि जॉइंटरवर, म्हणजे नळ्या जोडण्याच्या छोट्या तुकड्यावर, चढवली, की तेवढ्या व्यासाचा हूप घरीच तयार होतो. तो दुपारभर उन्हात पडू देऊ नये, नाहीतर वाकडा होतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे कंबर गोल गोल फिरवणे. हूप गोल फिरतो म्हणून आपणही गोल फिरावे असे वाटते खरे, पण प्रत्यक्षात हूपला हवा असतो तो योग्य क्षणी मिळणारा छोटा धक्का. एक पाऊल पुढे ठेवावे, गुडघे किंचित सैल सोडावेत, हूप पाठीला टेकवून जमिनीला समांतर धरावा आणि जोराने बाजूला भिरकवावा. तो पोटावरून जाताना पोट पुढे आणि पाठीवरून जाताना कंबर मागे, एवढीच हालचाल पुरते. हूप खाली सरकू लागला की आपण घाबरून हेलकावे मोठे करतो आणि खाली वाकून पाहतो, त्यामुळे तो आणखी लवकर पडतो. अशा वेळी धक्के लहानच ठेवून त्यांचा वेग वाढवावा आणि नजर समोरच्या माडावर ठेवावी.

किनारपट्टीच्या दमट हवेत घामाने गुळगुळीत प्लॅस्टिक निसटते. आतल्या बाजूला कापडी चिकटपट्टी गुंडाळावी आणि अंगात सुती सदरा घालावा. अंगणात मांडव असेल तर त्याच्या खांबांपासून दूर उभे राहावे. समुद्रावर सराव करायचा तर ओहोटीनंतरची घट्ट ओली वाळू निवडावी, कारण सुक्या वाळूत पाऊल रुतून घोटा मुरगळतो.

हूप जितका जड तितका व्यायाम अधिक, हा समज सोडावा. जड हूपने कमरेवर काळेनिळे वळ उठतात. केवळ पोटाची चरबी त्याने उतरेल, ही आशाही फोल आहे. गरोदरपणात, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असल्यास, तसेच पोटाची शस्त्रक्रिया झालेली असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

एकाच दिशेने फिरवत राहण्याची चूक मी स्वतः कित्येक महिने केली. नंतर उलट दिशेने, दोन मिनिटे डोळे मिटून हूप फिरवू लागलो, तेव्हा तो प्रत्येक फेरीत उजव्या बाजूला किंचित खाली घसरतो हे त्वचेला जाणवले. सगळा भार डाव्या पायावर टाकून मी उभा राहत होतो, आणि बसची वाट पाहतानाही माझी तीच सवय होती.