गुहागर ते गणपतीपुळे : गटाने सायकलवर एक दिवस

सागरी मार्गावर किलोमीटर फसवतात. पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड करत गणपतीपुळे म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. देशावर एवढं अंतर दुपारच्या आत आरामात संपतं. इथे रस्ता सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, गावात उतरतो, वहाळ (ओढा) ओलांडतो आणि लगेच पुन्हा सड्यावर चढतो, आणि हे दिवसभर चालतं. म्हणून थांबे धरून ताशी १० किलोमीटरच धरा आणि सगळा दिवस तवसाळच्या जेटीवरून उलटा मोजा, कारण तिथून जयगडला खाडी बोटीने ओलांडायची असते. बोटीच्या वेळा आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवाव्यात. एक बोट चुकली तर जयगडचा चढ भर उन्हात वाट्याला येतो.

डिसेंबरात सूर्योदय सातच्या आसपास असतो. साडेसहाला पुढे-मागे दिवे लावून निघा. निघण्याआधी प्रत्येकाने हवा, ब्रेक आणि चाकांचे क्विक रिलीज (चाक झटकन सोडवायच्या खिट्ट्या) स्वतः तपासावेत. सत्तर किलोच्या माणसाला ३५ मिमी टायरमध्ये साधारण ५५-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरते, दोन इंची एमटीबी (माउंटन बाइक) टायरमध्ये ३५-४०. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडीची भोकं दिसली तर टायरात काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. भोक एकच असेल तर मात्र नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवा. फुटलेल्या ट्रक-टायरची केसासारखी बारीक तार आत रुतून राहिलेली असते आणि ती पाचच मिनिटांत दुसरी ट्यूबही खाते.

वाटेत पॅच लावू नये, ट्यूब बदलावी आणि पॅचचं काम मुक्कामावर करावं. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या दोन ट्यूब हव्यात. बारा जणांत ट्यूबचे व्हॉल्व्ह बारीक (प्रेस्टा) आणि जाड (श्रेडर) अशा दोन्ही प्रकारचे निघतातच, तेव्हा दोन्हीला चालणारे किमान दोन पंप घ्या. तुटलेली चेन जोडायची जोडकडी आठ, नऊ, दहा स्पीडची वेगवेगळी असते. गटात जेवढे प्रकार, तेवढ्या कड्या बरोबर असू द्या.

पुढे वाट माहीत असलेला एक, मागे सगळ्यात शांत डोक्याचा एक. हा मागचा, म्हणजे स्वीप, कुणालाही मागे टाकून पुढे जात नाही. दुरुस्तीची पिशवी आणि प्रथमोपचार त्याच्याकडेच ठेवा. पुढच्याकडे ठेवलेला पंप पंक्चर झालेल्याच्या काय कामाचा? चार-चारच्या तुकड्या करून एका रांगेत चाला आणि दोन तुकड्यांत शंभरेक मीटर मोकळे ठेवा, म्हणजे मागून येणाऱ्या एसटीला टप्प्याटप्प्याने पुढे निघता येतं. फाट्यावर एकाने थांबायचं आणि स्वीप दिसेपर्यंत हलायचं नाही. खाडीकाठी नेटवर्क जातं, तिथे फोनच्या भरवशावर राहू नये.

चढावर ज्याने त्याने आपल्या दमाने जावं. दुसऱ्याच्या चाकाला चिकटून चढलं की पाय अर्ध्या वाटेतच संपतात. उतारावर दोघांत किमान २० मीटर ठेवा. ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नाही, कारण वळणाच्या कडेला जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते. रिम ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागण्याआधीच. दर दुसऱ्या बाटलीत ओआरएस घाला. २१ ग्रॅमची पुडी एक लिटरची असते, अर्ध्या बाटलीत ओतली तर मळमळतं. पाऊण तासाला काहीतरी तोंडात टाका : केळं, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू. मासळीचं ताट मुक्कामावर पोचल्यावर. तवसाळला पोटभर जेवून जयगड चढणाऱ्याच्या पोटात हमखास कळ येते.

जेटीच्या उतारावर शेवाळ असतं. सायकलवरून उतरून चालत जा, क्लिटचे (पेडलला अडकणाऱ्या तळाचे) बूट असतील तर जास्तच जपून. बोटीत सायकल आडवी ठेवायची वेळ आली तर डाव्या अंगावर. उजव्या अंगावर पडली की डिरेलरचा (मागच्या चाकापाशी चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्याला टांगलेला असतो तो धातूचा तुकडा, वाकतो, आणि मग पुढच्या चढाला सर्वात हलका गिअर टाकताच डिरेलर आऱ्यांत अडकतो. हँगर वाकल्याची शंका असली तर मागून बघा : डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या दात्याच्या सरळ रेषेत हवीत. वाकलेला असेल तर गणपतीपुळ्यापर्यंत तो सर्वात हलका गिअर वापरू नका.

बोटीत चढण्याआधीच हलका गिअर टाकून ठेवा. जयगडला उतरल्या उतरल्या चढ सुरू होतो आणि उभ्या सायकलीवर गिअर बदलत नाही. उतरताना गाड्या आधी जाऊ द्या, मग रस्ता पुढचा बराच वेळ तुमचा असतो. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी थांबायला वेळ उरला, तर दिवस नीट आखला असं समजा.

मुक्कामावर आंघोळीआधी सायकल. खाऱ्या हवेने चेन एका रात्रीत तांबूस होते. कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीला तेलाचा एकच थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुन्हा पुसा. डिस्क ब्रेक असेल तर त्या फडक्याचा आणि तेलकट बोटांचा डिस्कला स्पर्श होऊ देऊ नका. मग सकाळच्या ट्यूबा काढा, भोकाभोवती घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा. ओल्यावर लावलेला पॅच सकाळी हवा भरताच सुटतो.