फायरप्लेस इन्सर्टसमोरची जमीन: या चुका टाळा

ठिणगी वेगळी आणि धग वेगळी. इन्सर्ट म्हणजे जुन्या फायरप्लेसच्या तोंडात बसवायची, काचेच्या दाराची बंद शेगडी. लाकडावर चालणाऱ्या अशा इन्सर्टसमोरची जमीन बिघडली म्हणून मला बोलावतात, तेव्हा बहुतेक वेळा गोंधळ इथेच झालेला असतो. ठिणगी पडलेली दिसते, माणूस उठून विझवतो. धग मात्र दाराच्या काचेतून तासन्‌तास जमिनीवर पडत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच प्लायवूडवर थेट टाइल चिकटवलेली दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. एका घरी एक टाइल सुटली म्हणून गेलो होतो. काम देखणं होतं, सांधे एका रेषेत. घरातल्या ताई म्हणाल्या, "जाळ जास्त वेळ चालला की करपल्यासारखा वास येतो. दोन हिवाळे झाले. आम्हाला वाटलं, लाकूडच ओलं असेल." मी पटाशी घालून टाइल उचलली, तर तिच्यासोबत प्लायवूडचा वरचा पापुद्राच सुटून आला. कडेला तपकिरी, दाराच्या बरोबर समोर काळा. नखाने खरवडला तर भुगा झाला. त्यांचे यजमान म्हणाले, "अहो, पण टाइल कुठे जळते?" टाइल जळत नाहीच. तवाही जळत नाही, पण त्याच्यावरचं भाजतंच.

ताजं लाकूड पेटायला साधारण २५० अंश सेल्सियसच्या पुढे जावं लागतं. तेच लाकूड त्याहून बऱ्याच कमी उष्णतेत महिनोन्‌महिने शेकत राहिलं, तर आतून कोळशासारखं होत जातं आणि मग पुष्कळ कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं. त्या घरात सगळं प्लायवूड काढलं, खालचे वासे टोचून पाहिले. ते शाबूत होते. आणखी एक-दोन हिवाळे गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

उपाय इन्सर्टच्या मॅन्युअलमध्येच असतो, पण ते उघडायला कोणाला वेळ नसतो. फक्त ठिणगीपासून संरक्षण पुरे की अमुक आर-व्हॅल्यूचं (म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेचं) उष्णतारोधक हवं, हे त्यात लिहिलेलं असतं. काही इन्सर्ट जमिनीपासून जितके उंच बसवाल तितकी ही गरज कमी होते, तेही तिथेच सापडतं. थरांच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज करायची. बोर्डावर के-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते याचं माप, दिली असेल तर इंचातली जाडी भागिले के म्हणजे आर: अर्धा इंच बोर्ड, के ०.५, तर आर १. सिमेंट बोर्ड जळत नाही म्हणजे तो उष्णता अडवतो असं नव्हे. त्याच्या एका थरावर भागवणारे पुष्कळ भेटतात. मी खाली न जळणारा मिनरल फायबर बोर्ड घालतो, तो मऊ असतो म्हणून वर सिमेंट बोर्ड, मग टाइल. बेरीज पेन्सिलने त्या बोर्डावरच लिहितो आणि टाइल बसण्याआधी फोटो काढून घरमालकाला देतो. मागितल्यापेक्षा थोडी जास्तच ठेवतो.

दुसरी चूक मापाची. पुष्कळ इन्सर्ट जुन्या फायरप्लेसच्या तोंडातून चार-सहा इंच पुढे येतात, आणि लोक टेप लावतात मागच्या विटांपासून. माप इन्सर्टच्या दारापासून घ्यायचं. दारासमोर अमेरिकेत साधारणपणे १६ इंच, कॅनडात १८ इंच आणि दोन्ही बाजूंना ८ इंच न जळणारी जमीन मागतात. तुमच्या मॅन्युअलने जास्त सांगितलं तर तेच धरा. ओंडका घसरून दाराबाहेर आला की तो विटांपासून किती लांब आहे, याने काही फरक पडत नाही. मी तर इन्सर्ट प्रत्यक्ष जागेवर बसल्याशिवाय टाइल कापतच नाही. कॅटलॉगमधल्या चित्रावरून आधीच कापून ठेवणाऱ्यांची घाई मला आजवर समजलेली नाही.

जिप्सम बोर्डाला कागद असतो, तो इथे चालत नाही.

आगरोधक गालिचा ठिणगी झेलतो, धग अडवत नाही. रबरी पाठीचा तर घरातही आणू नका.

व्हिनाइलची जमीन दाराच्या जवळ आणू नका, ती पिवळी पडते आणि कडा उचलते.

राखेची बादली धातूची, घट्ट झाकणाची, आणि भरल्यावर लगेच घराबाहेर, तीही लाकडी पायरीवर नको. राखेतला निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो.

जुन्या घरात फायरप्लेससमोरची आधीची दगडी पट्टी शाबूत दिसली तरी खालून पाहा. ओतकामाच्या वेळी आधाराला लावलेल्या सेंट्रिंगच्या लाकडी फळ्या तिथे तशाच राहिलेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. खाली तळघर असेल तर टॉर्च घेऊन उतरा. फळ्या दिसल्या तर त्या काढल्याशिवाय वरचं काम सुरू करू नका.

काम झाल्यावर पहिला मोठा जाळ मी स्वतः थांबून पाहतो. दर अर्ध्या तासाने टाइल जिथे संपते तिथल्या लाकडावर तळहात ठेवतो. हात ठेववत नसेल, तर जाळ तिथेच थांबवतो आणि दुसऱ्या दिवशी पट्टी वाढवायला येतो.