पॉलिप आहे म्हणून लगेच पिशवी काढू नका: या चुका टाळा

कुणी फाइल टेबलावर ठेवली की रिपोर्टमधलं निदान मी नंतर वाचते. आधी दोन तारखा बघते, सोनोग्राफी कधी झाली आणि त्याआधीची पाळी कधी आली. बराचसा घोळ तिथेच सापडतो.

गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा एखादा भाग जास्त वाढून पोकळीत येतो, तो पॉलिप. त्याला स्वतःची रक्तवाहिनी असते. कधी देठावर लोंबतो, कधी रुंद बुडाने चिकटून बसतो. आकार काही मिलिमीटरपासून काही सेंटीमीटरपर्यंत. फायब्रॉइडची गाठ स्नायूची असते, ही वाढ अस्तराची. घरी दोन्हींना ‘गाठ’च म्हणतात, आणि शेजारणीच्या फायब्रॉइडच्या कहाण्या ऐकून पॉलिपवाली बाई रडत दवाखान्यात येते.

आता तारखेचं. पाळी संपल्यावर अस्तर पातळ असतं, तेव्हा पॉलिप उठून दिसतो. पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात अस्तर जाड आणि सोनोग्राफीत पांढरट दिसतं. पॉलिपही पांढरटच. मग एकतर तो त्यात लपतो, नाहीतर नुसत्या जाड अस्तरालाच कुणीतरी पॉलिप म्हणून मोकळं होतं. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ५ ते १० दिवसांत, रक्त थांबल्यावर, आतून, म्हणजे योनीमार्गातून, सोनोग्राफी. मी चिठ्ठीवर हे लिहूनच देते आणि घरी गेल्यावर कालनिर्णयवर खूण करायला सांगते. तरी ‘मॅडम, आज तालुक्याला आलोच आहोत तर आजच करून टाकतो’ हे रोज ऐकावं लागतं. गाडीभाडं जातं हे मला कळतं. पण चुकीच्या दिवशी केलेली सोनोग्राफी पुन्हा करावी लागते, तिचे पैसे गाडीभाड्याहून जास्त. सतत अंगावरून रक्त जात असेल तर मात्र तारखेची वाट बघत बसू नका. आणि सोनोग्राफीनंतरही शंका उरली तर पिशवीत थोडं सलाइन सोडून पुन्हा बघता येतं, पॉलिपची कड स्वच्छ दिसते.

माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते ती चूक म्हणजे पॉलिपसाठी नुसती ‘पिशवी धुणं’, म्हणजे आत न बघता अस्तर खरवडणं, क्युरेटिंग.

एक शिक्षिका आल्या होत्या, चाळिशीतल्या. पाळी थांबली की चार दिवसांनी पुन्हा डाग. वर्गात खुर्चीवर बसायचंच त्यांनी सोडून दिलं होतं, तास उभ्याने घ्यायच्या. फाइलमध्ये गोळ्यांचे कोर्स, दोनदा क्युरेटिंग, दोन्ही वेळा तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट नॉर्मल. शेवटच्या कागदावर सल्ला होता, पिशवी काढा. नवरा तयारच होता. ‘मुलं झालीत आता, काढूनच टाका मॅडम, एकदाची कटकट जाईल.’ सोनोग्राफीच्या तारखा बघितल्या तर एकजात सगळ्या पाळी तोंडावर आलेली असताना केलेल्या.

त्यांना पुढच्या पाळीपर्यंत थांबवलं. नवऱ्याला ते अजिबात आवडलं नाही. पाळीनंतर केलेल्या सोनोग्राफीत पॉलिप दिसला, रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरवर त्यात शिरणारी रक्तवाहिनीही दिसली. मग दुर्बीण आत घातली. सलाइनने पिशवी फुगली आणि उजव्या कोपऱ्यात, नळीच्या तोंडाशी, बारीक देठावरचा गुलाबी पॉलिप पाण्याबरोबर इकडून तिकडे हलताना दिसला. असा पॉलिप क्युरेटला, म्हणजे खरवडायच्या हत्याराला, लागत नाही, बाजूला सरकतो. खरवडलं जातं ते भोवतालचं अस्तर, म्हणून तुकडाही नॉर्मल येतो. रांजणात हात घालून तळाचं लिंबू चाचपडण्यातला प्रकार. दुर्बिणीतून बघत तो बुडापासून काढला, बाई संध्याकाळी घरी गेल्या. नवऱ्याला पॉलिपचा फोटो दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग बिल किती झालं ते विचारलं.

पिशवी काढण्याची घाई आपल्याकडे नवी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या सर्रास काढल्या जात असल्याचं २०१९ मध्ये गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. ऑपरेशनसाठी कारण लागतं. साधा पॉलिप एवढंच कारण पुरत नाही.

गोळ्यांनी रक्त थांबतं, पॉलिप जागच्या जागी राहतो. मेडिकलवाल्याकडून तोच कोर्स पुन्हा पुन्हा आणू नका. काढ्याने पॉलिप विरघळत नाही. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणजे पिशवी नॉर्मल, असंही नाही. ती तपासणी पिशवीच्या तोंडाची.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासायचं. ‘सासूबाईंची पाळी परत आली’ असं हसत सांगणाऱ्या सुना मला भेटतात, आणि तोवर सहा महिने गेलेले असतात. बहुतेक पॉलिप साधेच निघतात, पण कॅन्सरचा धोका पाळी गेल्यानंतरच्या वयात आणि रक्तस्राव असताना जास्त असतो. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर ते डॉक्टरने विचारलं नाही तरी सांगा. त्या गोळीने पॉलिप होऊ शकतात.

उलट्या टोकाची घाईही बघते. पाळी चालू असलेल्या वयात, एक सेंटीमीटरच्या आतला, काहीही त्रास न देणारा पॉलिप दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडला, की लोक उद्याच ॲडमिट व्हायला निघतात. असे काही पॉलिप आपोआप जिरतात. थांबून पुन्हा बघावं. मूल होत नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे काढण्याचा विचार लवकर करतात.

नव्याने दुर्बीण घेतलेल्या डॉक्टरांनाही एक सांगायचंय. देठ मध्येच कापून ‘झालं’ म्हणू नका. पॉलिप बाहेर काढल्यावर मी दुर्बीण पुन्हा आत घालते आणि मूळ राहिलं नाही ना ते बघते. पाच मिनिटं जातात, जाऊ देत. बूड राहिलं तर तिथूनच परत वाढतो.

आणि काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्येच, म्हणजे तो टिकवणाऱ्या औषधातच, जाऊ द्या. सलाइनच्या बाटलीत रात्रभर राहिलेला तुकडा लॅबमध्ये पोचतो तेव्हा त्यात वाचण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. डबीवरचं नाव मी स्वतः वाचते, मगच ती नातेवाइकांच्या हातात देते. ती डबी सामानाच्या थैलीत विसरून गावाला परत नेणारेही आहेत, म्हणून लॅबची पावती दाखवल्याशिवाय मी पुढच्या गोळ्यांचं काही बोलतच नाही.