घरावर बँकेची नोटीस आली तर काय करायचं, आणि विमा का मोडायचा नाही

पोस्टमनला 'मालक घरात नाहीत' सांगून रजिस्टर पत्र परत पाठवू नका. नोटीस घेतली नाही म्हणून कारवाई थांबत नाही. बँक तीच दाराला चिकटवते आणि हातातले दिवस तेवढे जातात. बेळगावच्या वडगावात आमच्या गल्लीतल्या एका विणकराच्या घरी असं पाकीट देव्हाऱ्यातल्या फोटोमागे तसंच बंद पडून होतं. त्याच्या बायकोनं ते माझ्या हातात दिलं तेव्हा म्हणाली, "काकी, ह्यांना दाखवलं असतं तर ह्यांनी जेवण सोडलं असतं." तिची भीती खरी होती. पण नोटिशीवरच्या तारखेपासून कायद्यानं दिलेले 60 दिवस मोजले जातात आणि त्यातले बरेच फोटोमागेच सरले होते.

मी सोसायटीच्या कर्जखात्यात नोकरी केली, त्यामुळे थकबाकीचे कागद वाचायची सवय आहे. नोटीस बहुधा इंग्रजीत असते. तिच्यात 'सरफेसी कायदा 2002, कलम 13(2)' आहे का ते आधी बघा; कोर्टात न जाता तारण घर ताब्यात घ्यायची मुभा बँकेला याच कायद्यानं मिळते. हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग ही नोटीस निघते. सहकारी बँक आपली आहे, ती असं करणार नाही, या भरवशावर राहू नका. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात 2020 साली सुप्रीम कोर्टानं हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निकाल दिला आहे. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे, पण एनए (बिगरशेती) केलेल्या प्लॉटवरच्या घराला ती सवलत नाही.

आता उत्तर लिहा. तोंडी विनंती कितीही केली तरी ती फायलीत लागत नाही. हप्ता का थकला, हॉस्पिटलचं बिल किती झालं, आता महिन्याला किती भरता येईल, हे साध्या शब्दांत लिहा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा आणि खात्याचा पूर्ण उतारा मागा. उताऱ्यात दंडाचा रकाना नीट तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एप्रिल 2024 पासून दंड वेगळा आकारायचा असतो, तो व्याजात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. अर्ज शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. बँकेला 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं.

60 दिवस गेले की ताब्याची नोटीस लागते आणि दोन वर्तमानपत्रांत जाहिरात येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आपल्याकडे ती जाहिरात कन्नड पेपरात येऊन गेली तर मराठी पेपर वाचणाऱ्या घराला पत्ताही लागत नाही. म्हणून शाखेत जाऊन विचारत राहा. ताब्याविरुद्ध 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) दाद मागता येते, पण ते बेंगळुरात आहे. आधी बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, तेव्हा कर्जात बायकोचं नाव असेल तर अर्ज तिनंच करावा. आणि पैशांची जुळणी होत असेल तर लिलावाची जाहिरात निघण्याआधी बँकेचं पूर्ण येणं खर्चासह भरा. त्यानंतर घर सोडवून घ्यायचा हक्क उरत नाही.

त्या विणकराचं घर अडचणीत आलं ते कर्जामुळे नव्हे. हप्ता चुकू नये म्हणून त्यानं आरोग्य विम्याचं नूतनीकरण सोडलं आणि पुढं हृदयाचं ऑपरेशन निघालं. मी हे पोटतिडकीनं सांगते: ओढाताण झाली तर बँकेशी बोला, पण विमा मोडू नका. वर्षाचा प्रीमियम चुकला तरी 30 दिवसांची सवलत असते, त्या मुदतीत भरा.

प्रीमियमवरच्या 18 टक्के जीएसटीवरून 2024 साली मोठं राजकारण झालं. नितीन गडकरींनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहिलं, विरोधकांनी संसदेच्या आवारात निदर्शनं केली. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा कर गेला. तरी नूतनीकरणाच्या कागदावर मूळ प्रीमियम गेल्या वर्षीपेक्षा किती वाढवलाय ते बघा. कर्जासोबत बँक जो गट विमा गळ्यात घालते, त्याला ही माफी नाही. साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते.

विमा अजिबात परवडत नसेल तर बीपीएल कार्डावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. केंद्राच्या आयुष्मान योजनेत सत्तरीच्या पुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, पण ती सोय इथं मिळते का ते आधी विचारून घ्या. सहकारी संस्थेचे सभासद असाल तर यशस्विनी या सभासदांच्या आरोग्य योजनेची नोंदणी कधी उघडते ते सेक्रेटरीला विचारून ठेवा. महाराष्ट्रानं 2023 साली महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली आणि कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. दोन सरकारांच्या या भांडणात पेशंटनं का अडकावं, हे मला आजही पटत नाही.

मत मागायला येणाऱ्याला हेच विचारा. भावनेवर भाषण नको, तीन गोष्टींवर लेखी उत्तर द्या म्हणावं: फुले योजना इथल्या माणसाला विनाअडथळा मिळावी म्हणून तुम्ही काय करणार, डीआरटीचं कामकाज बेळगावात कधी आणणार, आणि घराच्या नोटिशी व लिलावाच्या जाहिराती मराठीतून कधी येणार. मराठीत कागदपत्रं मिळावीत ही आपली जुनी मागणी आहे, तिच्यात बँकेचे कागदही घाला. 2025 साली कर्नाटकानं मायक्रोफायनान्सच्या दांडगाईविरुद्ध कायदा केला, मात्र रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या बँका आणि वित्त कंपन्या त्याबाहेर आहेत, हेही सांगा. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. त्याआधीच गल्लीतल्या सह्या गोळा करून निवेदन आमदारांच्या ऑफिसात द्या, एक प्रत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात द्या, आणि दोन्ही ठिकाणची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.